शाबासकीचा धसका

"मावशी, आजचं काम फार छान झालंय तुमचं," सुपरवायझर म्हणाला, आणि शिकवल्याप्रमाणे दोन्ही हात पाठीमागे बांधून हसला.

मावशींच्या हातातलं कुलूप निसटून ट्रेमध्ये पडलं. कुलपाचे भाग ठोकून बसवणाऱ्या प्रेसवर बसणारी ही बाई सहसा कशाला दचकत नसे. तिनं मान वर केली आणि त्याच्या चेहऱ्याकडे असं पाहिलं, जणू डॉक्टर आता पुढचं वाक्य बोलणार आहे.

"का? काय झालं?"

"काही नाही. छान झालंय, एवढंच."

"माझं काही चुकलं का?"

"नाही हो. चांगलं करताय. घरी सगळे बरे आहेत ना?"

घरच्यांची चौकशी केल्यावर तर मावशींचा चेहरा पुरता उतरला. "बरे आहेत," असं कसंबसं म्हणून त्यांनी पुढचं कुलूप घेतलं. आधीपेक्षा घाईनं. सुपरवायझर समाधानानं पुढच्या टेबलाकडे वळला. मनातल्या मनात त्यानं आजच्या पाचव्या कौतुकावर खूण केली.

हा माणूस एरवी असा नव्हता. कुलपांच्या त्या कारखान्यात त्याला सगळे 'भोंगा' म्हणत. पाठीमागे म्हणत, पण भोंग्याला काय कान नसतात? तो ओरडला की पॅकिंगमधली माणसंसुद्धा सरळ बसायची. कुणाची स्प्रिंग उलटी बसली, कुणाची पिन राहिली, की ते सगळ्या शेडला कळायचं. पण तासाभरानं तोच भोंगा त्याच माणसाच्या शेजारी चहा पीत उभा असायचा. पोटात काही ठेवायची त्याला सवयच नव्हती.

मग कंपनीनं सुपरवायझर लोकांचं ट्रेनिंग काढलं. वरच्या मजल्यावरच्या खोलीत एक तरुण मॅडम आल्या. माणसाच्या पाठीमागे उभं राहायचं नाही, समोर उभं राहायचं. बोट रोखायचं नाही. आधी कौतुक, मग सूचना. चूक दाखवायची तर बाजूला नेऊन. आवाज चढवायचा नाही, कधीच नाही. मॅडम शिकवत चांगल्या होत्या, आणि त्यांचं खोटं होतं असं भोंग्यालाही वाटलं नाही. त्यांनी प्रत्येकाला एका रिकाम्या खुर्चीसमोर उभं करून तिचं कौतुक करायला लावलं. भोंग्याला ते बरं जमलं. खुर्ची घाबरत नव्हती.

शेवटी परीक्षा होती. मॅडम वरच्या काचेच्या केबिनमधून प्रत्येकाची लाइन बघणार आणि पास-नापास ठरवणार. मॅनेजरनं आधीच सांगून ठेवलं होतं, "जो नापास होईल त्याला पोसायला ही धर्मशाळा नाही." भोंग्याचं वय झालं होतं. दुसरीकडे कुणी दारात उभं केलं नसतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो शाळेतल्या पोरासारखा घोकत होता. घरीसुद्धा.

"चहा चांगला झालाय," त्यानं एका संध्याकाळी बायकोला सांगून बघितलं.

तिनं भांडं तसंच हातात धरलं. "काय लपवताय?"

"काय लपवायचंय? चहा चांगला झालाय म्हटलं."

"मागे ती पंप कंपनी सुटली, त्या दिवशी असंच म्हणाला होतात. त्याआधी नाही, नंतर नाही. संसारात एकदाच."

"अगं, ट्रेनिंगमध्ये शिकवलंय."

"मग कारखान्यातच बोला. इथे मला धडकी भरते," ती म्हणाली आणि हसली, पण जाताना एकदा मागे वळून तिनं त्याच्याकडे पाहून घेतलंच.

लाइनवर मात्र चमत्कार झाला. कुलपांचे ट्रे लवकर भरायला लागले. कुणी उशिरा येईना, कुणी सुट्टी मागेना. ताप अंगावर काढून माणसं कामावर येऊ लागली. मॅनेजरनं जाता जाता भोंग्याच्या खांद्यावर थाप मारली. मॅडमनी वर्गात त्याच्या लाइनचं उदाहरण दिलं. भोंग्याची छाती फुगली, नाही म्हणायला नको.

पण शेडमध्ये काहीतरी बिघडलं होतं. कुलूप तपासायच्या टेबलावर एक इसम बसे. प्रत्येक कुलपाला किल्ली लावून उघडबंद करायची आणि तोंडानं अखंड बडबड, म्हणून त्याचं नाव रेडिओ. तो रेडिओ बंद पडला होता. जेवणाच्या सुट्टीत भोंगा गेला की डबे भराभर मिटायचे. त्यानं विनोद केला तर सगळे एकदम हसायचे आणि एकदम थांबायचे.

शेवटी त्यानं रेडिओला चहाच्या टपरीमागे गाठलं.

"काय चाललंय तुमचं सगळ्यांचं?"

रेडिओनं इकडेतिकडे पाहिलं. "साहेब, एक विचारू? कुणाकुणाला काढणार आहेत?"

"कोण काढतंय?"

"आमच्यापासून कशाला लपवता? मागचा मॅनेजर असाच करायचा. प्रत्येकाच्या टेबलाशी गेला, पोराबाळांची चौकशी केली, पाठ थोपटली. पुढच्या आठवड्यात त्यातली निम्मी माणसं गेटवरनं परत पाठवली. तेव्हा तुम्ही इथे नव्हता." तो थांबला. "मावशी तर रात्रीची झोपत नाहीत. त्यांचं तुम्ही जास्त कौतुक केलंत ना. म्हणतात, पहिला नंबर माझाच."

दुसऱ्या दिवशी त्यानं लाइन थांबवली, सगळ्यांना गोल उभं केलं आणि शांतपणे, आवाज न चढवता सांगितलं, "कुणालाही काढणार नाहीत. मनात काही आणू नका."

माणसांनी माना डोलावल्या. मागच्या मॅनेजरनंही अगदी हेच सांगितलं होतं, हे त्याला रेडिओनं नंतर हळूच सांगितलं. त्या दिवशी ट्रे आणखी लवकर भरले.

परीक्षेच्या सकाळी मॅडम काचेआड येऊन बसल्या. भोंगा हात पाठीमागे बांधून लाइनवरून हिंडत होता. एकाच्या समोर उभा राहिला, चांगलं बोलला. दुसरीच्या समोर उभा राहिला, चांगलं बोलला. सगळं पुस्तकाबरहुकूम चाललं होतं.

आणि मग त्याला प्रेसचा आवाज खटकला. ठोका फार जवळजवळ पडत होता.

त्या प्रेसला दोन बटणं होती, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच ठोका खाली यायचा. म्हणजे ठोका पडताना दोन्ही हात बाहेरच राहणार. मावशींचा एक हात मात्र बटणावर नव्हता. तो साच्यात कुलूप ठेवत होता. डाव्या बटणात फडक्याचा बोळा कोंबून ते कायमचं दाबून ठेवलेलं होतं.

भोंगा निघाला. चूक दाखवायची तर बाजूला नेऊन. आधी कौतुक. त्यानं तोंड उघडलंसुद्धा होतं. मावशींनी उजवं बटण दाबायला हात उचलला. डाव्या हाताची बोटं अजून साच्यातच होती.

"ए मावशे! हात काढ! हात!"

सगळी शेड हादरली. मावशींनी दोन्ही हात छातीशी घेतले. भोंग्यानं धावत जाऊन प्रेसचा स्विच पाडला, बोळा उपसून जमिनीवर आपटला आणि मग त्याचं त्यालाच आवरेना.

"मरायचंय का तुला? बोटं देऊन कुलपं करणार आहेस? अक्कल गहाण ठेवलीस? एवढी वर्षं काम करतेस आणि फडकं कोंबतेस बटणात? उद्यापासून घाई करताना दिसलीस तर बघ! उद्याच काय, परवा, तेरवा, रोज बघणार आहे मी तुझ्याकडे!"

बोट रोखलेलं होतं. आवाज आढ्याला लागलेला होता.

मावशी त्याच्याकडे बघत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओठ मात्र भलतीकडेच, हसण्याकडे चालले होते.

"म्हणजे उद्या येऊ ना मी?" त्यांनी विचारलं.

"नाहीतर काय जत्रेला जाणार आहेस?"

"झालं तर," मावशींनी पदरानं डोळे पुसले. "ज्याला काढायचंय त्याच्यावर कोण घसा फोडतं?"

"आला रे बाबा, आला! भोंगा आला!" तपासणीच्या टेबलावरून आवाज आला. कुणीतरी फसकन हसलं. मग सगळी लाइनच हसायला लागली. बरेच दिवस दाबून ठेवलेलं हसू होतं ते, लवकर थांबेना. भोंग्यानं हात पुन्हा पाठीमागे बांधले.

तेवढ्यात मॅडम जिना उतरून आल्या. हसू विरलं. मॅडमनी आधी प्रेस पाहिली, मग जमिनीवरचा बोळा.

"काचेतून शब्द ऐकू आले नाहीत," त्या म्हणाल्या. "पण हे दिसलं. हे कुणी लावलं?"

नियम भिंतीवरच रंगवलेला होता. मशीनच्या सुरक्षेला हात लावणाऱ्याला त्याच दिवशी कामावरून कमी. मावशींनी मान खाली घातली आणि एक पाऊल पुढे टाकलं.

"मी सांगितलं होतं," भोंगा म्हणाला.

"तुम्ही?"

"हो. ट्रे लवकर भरायला."

"तुम्हीच लावायला सांगितलंत, आणि मग तुम्हीच एवढे ओरडलात?"

"मी असाच आहे, मॅडम. विचारा कुणालाही."

मॅडमनी मावशींकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्यांना खरं काय ते कळलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"मला हे लिहावं लागेल," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

"लिहा."

त्या जायला वळल्या आणि थांबल्या. "सगळे हसत का होते?"

"ट्रेनिंग चांगलं होतं, मॅडम. आमच्याकडे जरा उशिरा आलं, मागच्या मॅनेजरच्या नंतर," तो म्हणाला, आणि मावशींकडे वळून खेकसला, "बघत काय बसलीस? स्विच चालू कर. दोन्ही हातांनी!"

दुपारभर शेडमध्ये रेडिओ वाजत राहिला. मावशींनी दोन वेळा भोंग्याला उलट उत्तर दिलं.

सुट्टी व्हायच्या सुमारास मॅनेजरनं त्याला बोलावून घेतलं. एरवी त्या खोलीत तो दाराशीच उभा राहून बोलणी खात असे. आज मॅनेजर खुर्चीतून उठला.

"या, या. बसा ना. पाणी घेता?" मॅनेजर म्हणाला. "तब्येत कशी आहे? आणि मुलगी काय करते हल्ली?"

भोंग्यानं त्याच्या हसऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग तो खुर्चीत बसला आणि पुढचं न ऐकताच त्यानं मान डोलावली.

बाहेर गेटपाशी लाइनमधली माणसं उभी होती. त्याला पाहून रेडिओनं मुद्दाम भोंग्याचा आवाज काढला. भोंग्यानं नेहमीची शिवी हासडली. मावशी हसत हसत रस्ता ओलांडून गेल्या.

तो घरी पोचला तेव्हा बायको गॅसपाशी उभी होती. तिनं कप त्याच्या पुढ्यात ठेवला. तो हळूहळू प्यायला, शेवटच्या घोटापर्यंत.

"चहा चांगला झालाय," तो म्हणाला.

तिनं गॅस बंद केला, खुर्ची ओढली आणि ती त्याच्यासमोर येऊन बसली.