एक किलो वजा

मित्रांनो, आधीच सांगून टाकलेलं बरं. मी एक जुना वजनकाटा आहे, आणि स्वभावाने जळकुकडा आहे. रद्दीवाल्याच्या हातात असतो ना, वर कडी, खाली आकडा आणि मधल्या गोल तबकडीवर एक सुई, तसा मी दिसतो. हल्ली माझा मुक्काम सिडनीजवळ क्वेकर्स हिलमध्ये, करुणाच्या स्वयंपाकघरात असतो.

माझा जन्म कुठल्याशा छोट्या कारखान्यात झाला. त्यातलं मला काही आठवत नाही. आठवते ती नागपूरची रद्दी. माझा पहिला मालक गठ्ठा उचलताना खालून करंगळीचा असा आधार द्यायचा की पाच किलोचे चार व्हायचे. करणी त्याची आणि बदनामी माझी. बायका माझ्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, "हा काटाच लबाड आहे." मी मुकाट्याने ऐकून घ्यायचो.

रेल्वेतून निवृत्त झालेले शांताराम त्याच गल्लीत राहायचे. त्यांची मुलगी करुणा शिकायला ऑस्ट्रेलियाला निघाली होती. बॅगेचं वजन जास्त भरलं तर विमानतळावर तमाशा होईल, या काळजीने त्यांची झोप उडाली होती. एका सकाळी त्यांनी रद्दीवाल्याला दारात थांबवलं. "रद्दी राहू दे बाप्पा, तू हा काटाच दे मले," ते म्हणाले. अशी माझी रद्दीतून सुटका झाली. बॅग बांधून झाल्यावर करुणाच्या आईने, कमलाबाईंनी, मलाही एका स्वेटरच्या बाहीत गुंडाळून आत सरकवलं. "येताना लागेल," म्हणाल्या.

माझा विमानप्रवास तेवढाच. तोही बॅगेच्या तळाशी, अंधारात. दिसलं काहीच नाही, पण विमानात बसलो ते बसलो.

पुढे करुणा शिकली, पीआर म्हणजे तिथली कायमची रहिवासी झाली आणि रक्त तपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला लागली. ट्रेनच्या यार्डात काम करणाऱ्या स्वप्निलशी तिचं लग्न झालं. क्वेकर्स हिलला घर झालं आणि सुमेधा जन्मली. ते माझे सोन्याचे दिवस होते. डिसेंबर जवळ आला की इंडियाला जाणाऱ्या प्रत्येक घरातून फोन यायचा, "करुणा, काटा मोकळा आहे का?" कॅसल हिलच्या यतिनकडून मी सुरुचीकडे जायचो, तिथून दत्तप्रसादकडे, आणि महिना महिना घरी यायचो नाही. सगळे माझी वाहवा करायचे. पण मित्रांनो, तोलायचं मी आणि उडायचं बॅगांनी. दिवाळीत फटाके दुसऱ्याने उडवायचे आणि आपण नुसती उदबत्ती धरायची, तसं. प्रत्येक बॅग दाराबाहेर पडताना माझा जीव जळायचा.

अशाच एका डिसेंबरात दत्तप्रसादने कमाल केली. भावाला द्यायला घेतलेली बार्बेक्यूची लोखंडी प्लेट त्याने बॅगेत भरली आणि ती बॅग मला लटकवली. माझी स्प्रिंग कायमची ताणली गेली. तेव्हापासून आकड्याला काही नसलं तरी माझी सुई एकावर उभी असते. दत्तप्रसादने सॉरी म्हटलं, करुणाने "नो वरीज" म्हटलं, आणि मला दुरुस्त करायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. त्यांनी सोपा उपाय काढला. मी काहीही दाखवो, त्यातून एक किलो वजा करायचा. पुढे हे सगळ्या मंडळींना तोंडपाठ झालं. सुमेधा चार वर्षांची असताना आपलं टेडी मला लटकवायची आणि ऐटीत सांगायची, "आई, वन किलो मायनस."

बघता बघता ती सुमेधा युनिला, म्हणजे विद्यापीठात गेली. दोन हजार वीसच्या जानेवारीत एका सेमिस्टरसाठी ती स्कॉटलंडला, ग्लासगोला निघाली. घरात आनंद होताच, पण करुणाच्या पोटातही थोडं दुखत होतं. ते मला बरोबर कळलं. चोराच्या वाटा चोराला ठाऊक.

"मी शिकायला आले तेव्हा पेट्रोल पंपावर रात्रीची शिफ्ट करायचे," ती सुमेधाचे स्वेटर घडी करत म्हणाली. "ऑपेरा हाऊससुद्धा वर्षभराने पाहिलं. आणि या बाईसाहेब किल्ले बघणार."

"आई, आर यू जेलस?" सुमेधाने विचारलं.

"आहेच मुळी. त्यात लाजायचं काय?"

तेवीस किलोपर्यंतची परवानगी असलेली बॅग मी तोलली. सुई चोवीसवर गेली, सुमेधा म्हणाली "तेवीस, परफेक्ट", आणि मी जरा फुशारलो. तेवढ्यात तिची मैत्रीण मिताली एक भेट घेऊन आली. डिजिटल काटा. पांढराशुभ्र, तळहातावर मावेल एवढा, आणि तो म्हणे दशांशातसुद्धा आकडा सांगतो. "तिकडे स्वस्तातल्या विमानांना केबिन बॅगपण तोलावी लागते, हा कामाला येईल," मिताली म्हणाली. सुमेधाने त्याला बाहेरच्या खास कप्प्यात ठेवलं. मला स्वयंपाकघरातल्या एका खिळ्याला अडकवून सगळे विमानतळावर गेले. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी त्या डिजिटल पोराला मनातल्या मनात शिव्या दिल्या.

खरा जाच तर त्यानंतर सुरू झाला. करुणा फोन साखरेच्या डब्याला टेकवून व्हिडिओ कॉल लावायची, आणि माझा खिळा नेमका समोर. आमच्याकडे बाहेर वणव्यांचा धूर, खिडक्या बंद, ओट्यावर राखेचे कण. तिकडे सुमेधा ग्लासगोच्या पावसात भिजत हसायची. एका रविवारी एडिनबराचा किल्ला, दुसऱ्या रविवारी इनव्हरनेसजवळचं काळ्या पाण्याचं लांबच लांब तळं. स्काय नावाच्या बेटावर तर असा वारा सुटला होता की तिची टोपी उडून एका मेंढीपुढे पडली. तिने तिथले बूट दाखवले, चिखलाने माखलेले, भले दांडगे. फेब्रुवारीत ती मैत्रिणींबरोबर आयर्लंडलाही जाऊन आली. गॉलवेच्या रस्त्यावर एक म्हातारा फिडल वाजवत होता, आणि पुढे समुद्रावर उभे कापलेले कडे. मी बघत राहायचो. आणि दर वेळी न चुकता ती म्हणायची, "मितालीचा काटा सो हँडी आहे, आई."

अरे, बॅगेच्या कप्प्यात अंधार असतो, त्याला कडेबिडे काही दिसत नसणार, हे मला स्वतःच्या अनुभवाने ठाऊक होतं. पण जळणाऱ्याला अक्कल कुठे असते?

मग मार्च आला, आणि सगळं जग एकदम दार लावून बसलं. ग्लासगोची युनि ऑनलाइन झाली, हॉस्टेल रिकामं व्हायला लागलं. सिडनीला येणारी विमानं एकेक करून रद्द होऊ लागली. सुमेधाचं पहिलं तिकीट रद्द झालं. दुसरं मिळालं ते डब्लिनहून. सगळं सामान बांधून ती बोटीने आयर्लंडला गेली, तिथून बसने डब्लिनला. पोहोचते तोच तेही विमान रद्द.

करुणाच्या ओळखीतून वर्ध्याच्या एक शोभाताई डब्लिनला नर्स होत्या. त्यांनी सुमेधाला घरी ठेवून घेतलं. हॉस्पिटलच्या ड्युटीहून आल्या की त्या लांबच्या खोलीत राहायच्या आणि तिचं ताट दाराबाहेर ठेवायच्या.

"शोभामावशीचं पिठलं अमेझिंग आहे," सुमेधा फोनवर म्हणाली.

करुणा म्हणाली, "माझ्या हातचं तर कधी खाल्लं नाहीस."

"आई, इथे रडू येत होतं, तेव्हा खाल्लं."

फोन ठेवल्यावर करुणा पुसलेला ओटा परत परत पुसत राहिली. "परक्या बाईच्या उपकारात आहे माझी पोर, आणि मला तिच्या पिठल्याचा हेवा वाटतोय," ती स्वप्निलला म्हणाली. "मला काय झालंय तरी काय?" स्वप्निलने तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं. मला तिला सांगावंसं वाटलं, तू एकटी नाहीस बाई.

शेवटी एका विमानात एक जागा मिळाली. पुढचं विमान कधी, ते कुणीच सांगत नव्हतं. ही जागा गेली तर पोर तिकडेच अडकणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी आमच्याकडे जेवणाची वेळ होती आणि कुणी जेवत नव्हतं. फोन वाजला. पडद्यावर सुमेधा, तोंडाला मास्क, मागे भली मोठी रांग.

"बाबा, बॅग एक किलो जास्त आहे. काउंटरवाली म्हणते, फ्लाइट फुल आहे, एक किलो काढ नाहीतर बाजूला हो."

"अगं, पण तुझ्याकडे तो डिजिटल होता ना? तोलली नव्हतीस?"

"तोलली ना. त्याने ट्वेंटी फोर दाखवले. मी एक किलो मायनस केला."

"का?" स्वप्निलने विचारलं.

"का म्हणजे? आपण करतोच ना," ती म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं. "ओ नो. बाबा, तो आपला काटा नव्हता."

मित्रांनो, स्वप्निलला हसू फुटलं आणि करुणाला हसू आणि रडू एकदमच आलं. माझं काय झालं ते कसं सांगू? तो गोरागोमटा पोरगा अगदी खरं बोलला होता, आणि पोरीने त्याचं ऐकलंच नाही. सात समुद्रांपलीकडे तिने हिशेब धरला तो माझा. जन्मभर मी म्हणत होतो, मला कुणी नेत नाही. माझा एक किलो तर ती बरोबर घेऊन गेली होती. पण खरं सांगतो, आनंद क्षणभरच टिकला. माझ्या त्या एका किलोपायी तिचं विमान सुटणार होतं.

करुणाने डोळे पुसले आणि फोन हातात घेतला. "सुमेधा, पायात काय आहे तुझ्या?"

"स्नीकर्स."

"आणि ते बेटावरचे बूट?"

"बॅगेत. आई, मी ते फेकणार नाही हं."

"फेकायचे नाहीत, घालायचे. स्नीकर्स तिथेच सोड. मी नागपूरहून मे महिन्यात तीन स्वेटर अंगावर चढवून आले होते. चल, आटप."

फोन जमिनीवर ठेवला असावा, कारण आम्हाला फक्त छत दिसत होतं. चेनचा आवाज आला, मागच्या कुणाचा तरी वैतागलेला आवाज आला, आणि मग जड पावलं. थोड्या वेळाने सुमेधाचा चेहरा परत दिसला. "बॅग गेली," ती म्हणाली. करुणा खुर्चीत बसली, आणि मग त्या दोघांनी गार झालेला वरणभात खाल्ला.

सिडनीला उतरल्यावर सुमेधाला दोन आठवडे एका हॉटेलच्या खोलीत ठेवलं. घरी आली ती तेच बूट घालून. आईला इतकी घट्ट बिलगली की बूट दारातच राहिले नाहीत, चिखलासकट आत आले. संध्याकाळी करुणाने पिठलं केलं. सुमेधाने दोनदा मागून घेतलं, आणि "शोभामावशीचं चांगलं की माझं?" हे करुणाने विचारलं नाही. डिजिटल काटा माझ्या खिळ्याखालच्या ड्रॉवरमध्ये आला. मी त्याला मोठ्या आशेने विचारलं, "कसं होतं रे स्कॉटलंड?" तो काही बोलला नाही. त्याची बॅटरी केव्हाच संपली होती.

पुढे दोन वर्षं बॅगा हलल्या नाहीत. पण मला काम मिळालं. काम सुटलेले कितीतरी परदेशी विद्यार्थी आसपास भाड्याने राहत होते. करुणा आणि सुरुचीने गॅरेजमध्ये त्यांच्यासाठी तांदूळ आणि डाळीच्या पिशव्या भरायला घेतल्या. सुमेधा मला धरून उभी राहायची आणि नव्या माणसाला आधी बजावायची, "आमचा काटा जास्त दाखवतो हं. एक किलो वरून टाका." कधीकाळी गठ्ठ्यातला किलो चोरणारा म्हणून मी बदनाम होतो. तिथे प्रत्येक पिशवीत एक किलो आणखी पडताना मी पाहिला.

अशाच एका दिवशी स्वप्निल मला पुसत होता. यार्डात दिवसभर यंत्रं खोलणारा माणूस, पण माझी पाठ त्याने इतक्या वर्षांत कधी पाहिली नव्हती. "अरे, मागे स्क्रू आहे," तो म्हणाला. "हा फिरवला की सुई शून्यावर येईल." त्याने पान्हेबिन्हे काढले.

सुमेधाने मला त्याच्या हातातून काढून घेतलं. "नको बाबा. मग आपल्याला काही कळणारच नाही."

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू असेल तर तिला पुसा, गंजू देऊ नका, अडगळीत टाकू नका. तिची एखादी खोड असेल तर तीही सांभाळून घ्या, कारण तुम्ही कुठे दूर गेलात तर तीच तुमच्याबरोबर येते. आणि मी सुधारलो असं मात्र समजू नका. बॅगा अजून जातात आणि मी अजून जळतो.

सरहद्द उघडली तेव्हा पहिली बॅग करुणाची होती. ती नागपूरला, शांताराम आणि कमलाबाईंना भेटायला निघाली होती. बॅगेत सगळ्यात वर लोकरीची एक शाल होती, सुमेधाने स्कायहून आजीसाठी आणलेली. ड्रॉवरमधल्या डिजिटलमध्ये नवी बॅटरी घातलेली होती. सुमेधाने ड्रॉवर उघडला नाही. तिने मला खिळ्यावरून काढलं, बॅग लटकवली आणि दोन्ही हातांनी उचललं. माझी सुई थरथरत चोवीसवर जाऊन थांबली.

"तेवीस," तिघंही एकदम म्हणाले.