नागलीतली घुंगरं

"घुंगरं कुठं ठेवलीस, गौरा? तिसऱ्यांदा विचारतोय."

"शंभरदा विचार. चिठ्ठी साहेबाच्या हातात देईन म्हण, लगेच काढून देते."

देवजी भाला घेऊन घराच्या मधोमध उभा होता. भाल्याच्या पात्याखाली घुंगरांचा झुबका असायचा, तिथं आज नुसती चामड्याची वादी लोंबत होती. त्यानं टोपल्या उपड्या केल्या होत्या, जात्यामागं हात घातला होता, बैलांची गव्हाणसुद्धा उचकली होती. घुंगरं काही सापडत नव्हती आणि बाहेर उजाडायला लागलं होतं.

मोखाड्याची टपालाची थैली पळत खोडाळ्याला न्यायची, तिकडची थैली घेऊन सांजेच्या आत परत यायचं, हे देवजीचं काम. हरकारा म्हणायचे त्याला. भाला सरकारी, घुंगरं सरकारी, कमरेचा पट्टा सरकारी, पट्ट्यावरचा पितळी बिल्ला सरकारी. पाय तेवढे देवजीचे. आणि तेच हल्ली त्याचं ऐकत नव्हते.

आज खोडाळ्याचा बाजार. बाजाराच्या दिवशी टपालाचा साहेब तिथं खुर्ची टाकून बसायचा, खिशातलं घड्याळ मांडीवर ठेवून. हरकारा किती वाजता आला ते लिहायचा, मग भाला, घुंगरं, पट्टा, सगळं हात लावून बघायचा. जव्हारकडून मोटारीचा रस्ता होणार, मग एवढे हरकारे कशाला, अशी बोलणी सुरू झाली होती. कोण राहणार नि कोण जाणार, ते या साहेबाच्या वहीवर ठरणार होतं.

"साहेबाला घुंगरं दिसली नायत तर काय सांगू?" देवजी म्हणाला. "बायकोनं चोरली म्हणून सांगू?"

"सांग. माझं नाव लिहून दे म्हणावं वहीत."

गौरा चुलीपुढून हललीसुद्धा नाही. नागलीची भाकरी थापत होती, तव्यावर टाकत होती, जसं काही झालंच नाही. देवजीला एकदा वाटलं, तो तवा उचलून अंगणात भिरकावून द्यावा. असं त्याला हल्ली रोज वाटायचं, आणि कशावरूनही. मागच्या महिन्यात पोशी, त्याची सहा वर्षांची पोर, वाळे वाजवत मागून आली, तर हा एकदम उडाला आणि फिरून तिच्या अंगावर असा ओरडला की पोरीनं जागेवरच कपडे ओले केले. तेव्हापासून तिनं पायातले वाळे काढून ठेवले ते ठेवलेच. आता ती घरात मांजरासारखी चालायची. बापाच्या मागून यायचं तर आधी खोकायची.

हे सगळं सुरू झालं ते काळ्यापासून. काळ्या म्हणजे आधीचा हरकारा. जव्हारचं संस्थान मोडलं त्याच साली, पावसाळा सरता सरता, खोडाळ्याच्या वाटेवरल्या खैराच्या ओहळात त्याला वाघानं नेलं. माणूस सापडला नाही. भाला सापडला, घुंगरं सापडली, थैली तर शाबूत सापडली. टपाल दुसऱ्या दिवशी खोडाळ्याला पोचलंसुद्धा. तोच भाला, तीच घुंगरं मग देवजीला दिली. पाड्यातले लोक म्हणाले, नशीब काढलंस, सरकारी बिल्ला मिळाला.

तीन वर्षं देवजी त्या ओहळातून रोज दोनदा गेला. उतार लागला की त्याच्या पाठीवरचे केस उभे राहायचे, तोंड कोरडं पडायचं, छाती ढोलासारखी वाजायची आणि पाय असे सुटायचे की ते आपले नाहीतच असं वाटायचं. भाला हलवायचा, घुंगरं खणाखण वाजवायची, आणि पलीकडचा चढ कधी संपला ते कळायचंच नाही. खोडाळ्याला लोक म्हणायचे, देवजीसारखा पळणारा नाही. त्यालाही ते खरं वाटायचं. भ्या हीच आपली ताकद आहे, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

पण हळूहळू ती छाती ओहळाच्या आधीच वाजायला लागली. आधी गावाची वेस ओलांडताना. मग भाला हातात घेताना. मग पहाटे अंथरुणातच. कोंबड्याच्या आधी डोळे उघडायचे आणि काळीज धावत असायचं. सकाळी घास उतरायचा नाही. संध्याकाळी घरी आला की भिंतीला टेकायचा तो जेवायलासुद्धा उठायचा नाही. उठला तर डोळ्यांपुढं अंधारी. गौरानं त्याला दोनदा मिठाच्या मडक्यात बोट घालून चाटताना बघितलं.

"रस्त्यावर हरणावाणी पळतंस," ती म्हणायची, "नि घरात येऊन मेल्यावाणी पडतंस. आमच्या वाट्याला मढंच काय?"

मग यंदा वाघबारशीनंतर चार दिवसांनी नाशकाकडच्या एका शिकाऱ्यानं तो वाघ मारला. बैलगाडीत घालून मोखाड्याला आणला. सगळा मुलूख बघायला लोटला. देवजीनं त्याचा पंजा हातात धरून बघितला, गार होता. आता सुटलो, असं त्याला वाटलं.

झालं उलटंच. आठ दिवसांत त्याचे पाय गळाले. ओहळ आला की छाती वाजायची, पण पाय सुटायचे नाहीत. आणि एक दिवस पलीकडच्या चढावर तो थैली मांडीवर घेऊन बसला आणि त्याला उठताच येईना. शेजारचा लहान्या लाकडाचा भारा घेऊन येत होता. विशीतला पोरगा, थट्टेखोर. एरवी म्हणायचा, मामा, आता तुमच्या पायांना चाकं बसवा. त्या दिवशी थट्टा केली नाही. थैली गळ्यात घातली आणि स्वतः पळाला, वेळेवर पोचला. देवजीला चढावर बसून राहण्यापेक्षा ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी थैली लहान्याकडं देऊन गौरानं त्याला ओढतच दवाखान्यात नेलं. जाताना भाला काही त्याच्या हातातून सुटला नाही, म्हणून तो दवाखान्याच्या दाराला टेकवून ठेवला. डॉक्टर नवा होता, तरणा, चष्मेवाला. त्यानं छाती ऐकली, पाठ ठोकली, हिरड्या काळ्या पडल्यात का ते बघितलं, खोकला येतो का विचारलं. मग मनगट धरून घड्याळाकडं बघत बसला. नाडी अगदी धड चालली होती. तेवढ्यात बाहेर कुणाच्या तरी धक्क्यानं भाला दगडावर पडला आणि घुंगरं वाजली.

डॉक्टरनं चमकून वर बघितलं. देवजीची नाडी त्याच्या बोटांखाली चौखूर उधळली होती. कपाळावर घाम, डोळे दाराकडं. डॉक्टर नाडी शांत होईपर्यंत थांबला, मग कंपाउंडरला खूण केली, भाला हलव. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पुन्हा तेच. गौरा कोपऱ्यात उभी राहून बघत होती. तिला पोशीचे वाळे आठवले.

"बकरं कापलंयस ना कधी?" डॉक्टरनं विचारलं.

कापलं होतं. वाघबारशीलाच कापलं होतं, वाघोबाच्या दगडापुढं.

"गुर्द्याच्या डोक्यावर, चरबीत, एक लहानशी गाठ असते. बघितलीस?"

देवजीनं बघितली होती. चरबीबरोबर ओढून कुत्र्याला टाकली होती. डॉक्टर म्हणाला, तशा दोन गाठी माणसालाही असतात. समोर वाघ आला की त्या रक्तात एक रस सोडतात. त्यानं काळीज धावतं, पायात बळ येतं, भूक मरते, झोप उडते. घटकाभराला फार चांगलं आहे ते, त्यावरच माणूस वाचतो. पण तीन वर्षं रोज वाघ आल्याचा हाकारा ऐकला की सगळ्या अंगाचीच घडी विस्कटते. पळायचं कधी आणि निजायचं कधी, त्याला कळेनासं होतं.

"म्हणजे गाठी आटल्या माझ्या?" देवजीनं घाबरून विचारलं.

"नाही. गाठी आटतात असा एक रोग आहे, पण तुला त्याची लक्षणं दिसत नाहीत. तुझ्या गाठी धड असाव्यात. वाघ मेला हे तुला कळलंय, तुझ्या अंगाला अजून कुणी सांगितलेलं नाही."

औषध काय, तर औषध नाही. तीन आठवडे पळायचं नाही. सकाळी पोटात घालून मगच बाहेर पडायचं, दुपारी निजायचं, आणि ही घुंगरं कानाआड ठेवायची. तरी अंधारी थांबली नाही तर ठाण्याला जाऊन रक्त तपासायचं. तसं कागदावर लिहून दिलं, तुझ्या साहेबाला दे म्हणून.

तीच ही चिठ्ठी. देवजीनं ती मुंडाशाच्या घडीत ठेवली आणि तिसऱ्या दिवशी भाला घेऊन पुन्हा पळायला लागला. मागच्या बाजाराला तो साहेबापुढं उभा राहिला, हात मुंडाशाकडं गेलाही. साहेब घड्याळ बघून म्हणाला, शाबास, तूच एक वेळेवर येतोस. हात तसाच खाली आला. कारण चिठ्ठी दिली की तीन आठवडे पट्टा लहान्याच्या कमरेला. लहान्या वीस वर्षांचा. त्याच्या कमरेचा पट्टा परत कोण काढून देणार होतं?

परत येताना ओहळात देवजी पडला. गुडघा फुटला. घरी सांगितलं, ठेच लागली.

गौरानं भाकरी उतरवली, हात पुसले आणि उठून कणगीला पाठ लावून उभी राहिली.

"बिल्ला गेला तर जाऊ दे," ती म्हणाली. "काळ्याची थैली शाबूत आली होती. तुझीपण शाबूतच येईल. थैलीला काय होतंय?"

"वाघ मेलाय, गौरा. कोण खातंय मला?"

"तेच विचारतेय मी. वाघ मेलाय, मग कोण खातंय तुला?"

देवजीची नजर पोशीकडं गेली. ती खांबाला बिलगून उभी होती आणि आईच्या पाठीमागच्या कणगीकडं बघत होती. बापानं बघितलं तशी तिनं झटकन मान वळवली. देवजीला कळलं. कणगीत यंदाची नागली भरलेली होती, काठोकाठ. तिथं त्यानं बघितलंच नव्हतं.

तो पुढं झाला. पण गौराचा हात त्याच्या आधी कोपरापर्यंत नागलीत गेला. तिनं घुंगरं बाहेर काढली नाहीत. आतल्या आत, दाण्यांखाली हलवली.

आवाज तो केवढा. दूरच्या रानात ढोराच्या गळ्यातली घंटा हलावी, एवढाच. पण देवजीचा भाला उचलला गेला होता. पातं खाली, पुढं रोखलेलं, पोशीपासून दोन हातांवर. दात आवळलेले, श्वास वर चढलेला, पाय पळायला वाकलेले. हे आपण कधी केलं, त्याला ठाऊक नव्हतं.

पोशी रडली नाही. ती खोकली. बापाच्या मागून यायचं तर खोकायची तशी, हळूच.

देवजीनं भाला खाली केला. खाली करताना तो दोनदा जमिनीवर आपटला. मग तो तिथंच बसला. कानात नुसती छातीची धडधड. गौरा जवळ आली, त्याचं मनगट डॉक्टरनं धरलं होतं तसं धरून बसली. तिला मोजता येत नव्हतं. नुसती धरून बसली. हळूहळू, फार हळूहळू, धडधड उतरत आली.

"भाकरी दे," तो म्हणाला.

सकाळची भाकरी त्यानं कित्येक महिन्यांत खाल्ली नव्हती. अर्धी खाल्ली, मिठाबरोबर, पाणी पिऊन पिऊन. घास अडकत होता, पण उतरत होता. बाहेर डोंगराच्या माथ्यावर ऊन आलं होतं. गौरानं कणगीत हात घातला, घुंगरं बाहेर काढायला.

"राहू दे ती."

"आणि साहेब?"

"मोखाड्याचा पोस्टमास्तर खिडकीतून थैली देतो, भाल्याकडं बघत नाय. साहेब बघतो. तो पहिलं हेच विचारणार, घुंगरं कुठं. मग मला सांगावंच लागेल." त्यानं मुंडासं काढलं, चिठ्ठी आहे का बघितलं, आणि ती घडीत न ठेवता पट्ट्यात खोचली, बिल्ल्याच्या मागं, अर्धी बाहेर दिसेल अशी. "घुंगरं असली तर मी पुन्हा गप बसेन. मला ठाऊक हाय मी कसा हाय तो."

"लहान्याला पट्टा देतील."

"देतील. मग बघू काय ते."

गौरानं उरलेली भाकरी फडक्यात बांधली. पळणार नाहीस ना, असं तिनं विचारलं. ओहळात काय करशील, असंही विचारलं. पळणार नाही, असं तो म्हणाला. बिनाघुंगरांचा ओहळ त्यानं अजून ऐकलाच नव्हता, आणि नुसत्या विचारानं त्याची छाती पुन्हा वाजायला लागली होती.

"चालत जायचं म्हणजे दुप्पट वेळ," तो उंबऱ्यात उभा राहून म्हणाला. "सोड आता, बोलू नको. मला आत्ताच निघायला पाहिजे."