महिरपीखालून

कादंबरी पुण्यात एका विमा कंपनीत नोकरीला होती. महिन्यातला एखादा शनिवार काढून ती कुठल्यातरी जुन्या गावाला जायची आणि तिथल्या इमारतींचे फोटो काढायची. अख्ख्या इमारतीत तिला रस नसे. खांबाच्या तळाशी कोरलेलं कमळ, चौकटीवरचा गणपती, दाराची कडी, असलं काहीतरी तिला हवं असे.

त्या शनिवारी ती पनवेलला उतरली आणि रिक्षा करून कोन गावाच्या पुढे, तळ्याकाठच्या ओस पडलेल्या दगडी धर्मशाळेत आली. दाराच्या आतल्या बाजूला उंच महिरप होती, तिच्यावर चुन्यात काढलेले पोपट. पोपटांच्या वर एक मोठा काळा डाग. ओल झिरपली असेल, असं म्हणत तिने फ्लॅश टाकून दोन फोटो घेतले. मग लांबचं दाखवणारी लेन्स चढवून डोळा लावला.

डाग हलला. या कडेपासून त्या कडेपर्यंत त्याच्यावरून एक लाट सरकत गेली.

आग्यामोहोळ होतं. सातवीत असताना कादंबरीला गांधीलमाशी चावली, तेव्हा तिचा घसा सुजून श्वास अडकला होता. पुन्हा चावली तर एक मिनिट दवडू नका, असं डॉक्टरांनी आईला बजावलं होतं. आणि बाहेर पडायला दार एकच होतं, मोहोळाच्या बरोब्बर खाली.

चार-पाच माश्या सुटून तिच्या डोक्याभोवती घिरट्या घालू लागल्या. तिने हात उगारला.

"मारू नको ताई." दाराबाहेर डोक्यावर हंडा घेतलेली एक बाई उभी होती. "येक मारलीस तर समद्या उठतील. खाली बस. भिंतीला धरून सरकत ये."

"मला चावलेली चालत नाही. मरेन मी."

"थितं बसून ऱ्हायलीस तरी चावतीलच. ये."

कादंबरीने कॅमेरा जमिनीवर ठेवला, ओढणी तोंडावर ओढली आणि गुडघ्यांवर सरकू लागली. वर गुणगुण वाढत होती. ओढणीतून तिला फक्त बाईची पावलं दिसत होती. महिरपीखाली आली तेव्हा मानेवर काहीतरी चाललं. ती थिजली. मग निखारा टेकवल्यासारखी आग झाली. ओठ दाताखाली दाबून ती तशीच सरकत उंबऱ्याबाहेर आली.

बाईने तिचा हात धरून तिला पळवत तळ्याच्या बांधाआड नेलं आणि नखाने खरवडून नांगी काढली. ती बुधी, जवळच्या वीटभट्टीवर कामाला होती.

"बस झालं आता. काय नाय व्हत."

पण कादंबरीचे ओठ जड झाले होते. घशात कापूस कोंबल्यासारखं वाटत होतं. प्रत्येक श्वास ती मोजून घेत होती, पुढचा येईल की नाही या धास्तीने. "दवाखाना," एवढंच ती म्हणाली.

बुधीने हंडा तिथेच सोडला. भट्टीवरून विटा भरून निघालेला टेम्पो तिने रस्त्यात आडवी उभी राहून थांबवला आणि स्वतःही चढली. "वाटंत ही पडली तर तू गाडी चालवशील का हिला धरशील?" तिने ड्रायव्हरला विचारलं. पनवेलपर्यंत ती कादंबरीला पाठीमागून धरून ताठ बसवत होती आणि डोळे मिटले की गालावर चापटी मारत होती.

इंजेक्शन वेळेवर मिळालं. अर्ध्या तासाने घसा मोकळा झाला, तरी छताच्या पंख्याची घरघर ऐकून कादंबरीने पाय पोटाशी घेतले होते.

"तुझा क्यामेरा ऱ्हायला आत," बुधी म्हणाली. "अंधार पडला का आणून देते. आमी मध काढतो, मला सवय हाय."

कादंबरीने तिचा हात घट्ट धरला. "नको. जाऊ नका तिथे. राहू दे."

"बरं," बुधी म्हणाली आणि हात न सोडवता पलंगाच्या कडेला बसली.