निळ्या कव्हरातला बिचारा

आमची ताई बायकांचा अभ्यास करते असं म्हटलं की ती अजून चवताळते. "बायकांचा नाही गं, लिंगभावाचा! बाईला बाई आणि पुरुषाला पुरुष कोण बनवतं, त्याचा!" बरं बाई, लिंगभावाचा. विद्यापीठात हा विषय तिनेच पहिल्यांदा नेला आणि त्यांनी तिला जिन्याखालची खोली दिली. झाडू, बादल्या आणि ताई! अकरा वर्षं तिथे बसून तिने अख्खा विषय उभा केला. लोकांनी नावं ठेवली, हिने लक्षच दिलं नाही.

पद्धत सोपी. घरोघर जायचं, नवरा-बायकोला एकेक वही द्यायची आणि दिवसभर काय काय केलं ते वेळ टाकून लिहायला सांगायचं. त्यात 'मी' लिहायचं नाही, नुसतं काम: भांडी घासणे, पेपर वाचणे. पुरुषाच्या वहीला निळं कव्हर, बाईच्या वहीला पिवळं. नाव नाही, फक्त घराचा नंबर. सुरुवातीला तिला कोणी दारात उभं करेना, म्हणून घर नंबर एक आमचंच. आणि साऱ्या वह्या टाइप कोण करायचं? मीच. दुसरं कोण रिकामं बसलं होतं!

परवा समितीची बैठक होती. ताईला स्वतंत्र विभाग द्यायचा की जिन्याखालची खोलीसुद्धा काढून घ्यायची, त्याच दिवशी ठरणार होतं. नमुना म्हणून घर नंबर एकच्या वह्यांच्या प्रती मी घरीच बांधल्या. एका हाताने कव्हरं चिकटवत होते, दुसऱ्याने सासूबाईंच्या गोळ्या काढत होते. गठ्ठा उचलून मीही ताईबरोबर बैठकीला गेले, आणि निळी पुरुषाची, पिवळी बाईची, हे तिने समितीला आधीच सांगून ठेवलं.

अध्यक्ष म्हणजे भारी माणूस. 'घरकाम हे काय मोजायचं काम आहे?' असं त्यांनी ताईला तीनदा लेखी कळवलेलं. त्यांनी निळी वही उघडली आणि मोठ्याने वाचायला लागले.

"पाचला उठणे. पाणी भरणे. स्वयंपाक, चार डबे. आजारी माणसाला अंघोळ घालणे. धुणं. बाजार. उभ्याने जेवणे, सात मिनिटं..." त्यांनी चष्मा काढला. "अहो, हा माणूस स्वयंपाकसुद्धा करतो!"

"बिचारा मरेल हो अशाने," इतिहासाचे प्राध्यापक कळवळले.

"दोन ते चार, दुसऱ्याचं टायपिंग, बिनपगारी. कोण पिळतंय याला एवढं?" अध्यक्षांनी चक्क डोळे पुसले.

मला त्या बिचाऱ्याची इतकी दया आली की काय सांगू! नि मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. सात मिनिटं? उभ्याने? अगं बाई, ही तर माझी वही! माझ्या तोंडचं पाणी पळालं.

तोवर त्यांनी पिवळी उघडली होती. "सातला उठणे. चहा. पेपर. ऑफिस. टीव्ही. भाजी खारट झाल्याचे सांगणे." वही टेबलावर आपटली. "नोकरी करते म्हणून काय झालं? घरात काडी हलवायला नको? हिला कोणीतरी चार शब्द सुनावायला हवेत!"

माझ्या नवऱ्याला! हसू दाबता दाबता मला ठसका लागला.

अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'अमानुष श्रम. सखोल अभ्यास आवश्यक. विभाग मंजूर.' फक्त सही राहिली होती. मी ताईकडे बघितलं. ती पांढरीफटक पडली होती. टायपिंगच्या नोंदीवरून तिलाही कळलं होतं. गप्प बस, मी मनात ओरडले, पाच मिनिटं गप्प बस!

ती उभी राहिली. "साहेब, थांबा. कव्हरं उलटी लागलीत. निळ्यातली बाई आहे."

अध्यक्षांचं पेन थबकलं. "बाई? अहो, मग यात विशेष काय?"

झालं, माझी सटकली. "विशेष काय? मगाशी डोळे कोणी पुसले? ती बाई मी आहे! आणि सुनावायचे चार शब्द लिहून द्या, घरी घेऊन जाते!"

"कव्हर चुकलंय, साहेब," ताई शांतपणे म्हणाली. "काम चुकलेलं नाही. तुमच्या हातचं आहे, खोडायचं तर खोडा."

सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांचे कान लालबुंद झाले. तेवढ्यात इतिहासवाल्यांना फस्सकन हसू फुटलं, मग शेजारच्याला, मग साऱ्या टेबलाला. अध्यक्षही कसंनुसं हसले. त्यांनी काही खोडलं नाही. सही केली.

बाहेर आलो आणि आम्ही दोघी पन्नाशीच्या बायका हातात हात घालून गोल गोल फिरलो. शिपाई बघतच राहिला. हसून हसून मुरकुंडी वळली. आणि मध्येच ताई थांबली.

"दुसऱ्याचं टायपिंग," ती म्हणाली. "बिनपगारी. अगं, ती मी गं. अकरा वर्षं सगळ्यांच्या वह्या वाचल्या, आणि तुझ्या वहीत मी आहे हे दिसलंच नाही मला." तिने माझा हात घट्ट धरला. "विभागातली पहिली जागा तुझी."

"तशी नको," मी म्हटलं. "जाहिरात दे, अर्ज मागव, सगळ्यांसारखी मुलाखत घे. मी येईन नीट तयारी करून."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत तुझं टायपिंग तू कर."