विरोधातली चिठ्ठी

सलीमनं चिठ्ठी रेवणसिद्ध गुरुजींच्या समोर धरली, पण हातातून सोडली नाही. कुलपं दुरुस्त करताना बोटांना लागलेलं तेल कागदावर उमटलं होतं. चिठ्ठीवर गुरुजींचंच अक्षर होतं : विरोधात.

"गुरुजी, एवढी बदलून द्या."

नांदेडच्या वादविवाद स्पर्धेला औशाच्या शाळेतून दोन मुली जायच्या होत्या. विषय होता, देशानं संरक्षणावरचा खर्च वाढवावा. एकीनं बाजूनं बोलायचं, दुसरीनं विरोधात. कुणी कोणती बाजू घ्यायची, हे गुरुजी निवृत्तीनंतरही चिठ्ठ्या टाकूनच ठरवत. आपली नसलेली बाजू मांडून पाहिली, की पोरं दुसऱ्याचं ऐकायला शिकतात, असं ते म्हणत.

"इकराची तयारी झालीय, सलीमभाई. चार पानं लिहिलीत तिनं."

"लिहिली असतील. पण फौजेवर कमी खर्च करा असं माझी पोरगी बोलली, तर लोक भाषण न्हाई ऐकणार, गुरुजी. नाव ऐकतील."

गुरुजी चष्मा काढून पुसू लागले.

गुरुजींच्या ओट्यावर इकराशेजारी बसलेली दुसरी स्पर्धक, लुंबिनी, म्हणाली, "मी बोलते विरोधात. आमचा दादा फौजेतच हाय. मला कोन काय म्हणंल?"

"तुझा दादाच म्हणंल की!" इकरा म्हणाली.

"त्याला आधी सुट्टी तर मिळू दे."

दोघी हसल्या. मग इकरानं आपली चार पानं नीट जुळवली आणि लुंबिनीच्या मांडीवर ठेवली. सलीमनं चिठ्ठी खिशात घातली.

नांदेडला सभागृहात तो गुरुजींच्या शेजारी बसला. इकरा बाजूनं बोलली, अडखळली नाही. टाळ्या पडल्या. सलीमनं घाम पुसला. मग लुंबिनी उभी राहिली.

"आमच्या औशात बसस्टँडजवळ कुलपांचं दुकान आहे. कुणी मोठं कुलूप मागितलं, की दुकानदार आधी विचारतात, घरात काय काय आहे? एक जण म्हणाला, काहीच नाही, सगळा पैसा दारातच गेला. दुकानदारांनी त्याला लहान कुलूप दिलं. म्हणाले, उरलेल्या पैशात लेकरांना पुस्तकं घ्या. राखण्यासारखं काहीतरी घरात येऊ द्या."

मंचावर मागच्या खुर्चीत इकराचे ओठ हलत होते. प्रत्येक वाक्याला, लुंबिनीच्या किंचित आधी.

टाळ्या थांबेनात. पुढच्या रांगेतला एक जण वळून म्हणाला, "काय बोलली हो! कुणाची पोरगी?"

सलीमचे हात गुडघ्यांवरच होते.

परतीच्या बसमध्ये पहिल्या बक्षिसाची ढाल लुंबिनीच्या मांडीवर होती आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून इकरा झोपली होती. लातूर मागं पडल्यावर सलीम गुरुजींच्या बाकाशी आला. खिशातली तेलकट चिठ्ठी त्यानं त्यांच्या हातात ठेवली.

"पुढल्या साली नवी नका लिहू, गुरुजी. हीच टाका. जिला निघंल, तिला निघंल."