आठ गुण कमी

"दोनच भरले, काका," सिस्टर म्हणाली आणि तिनं पेन खाली ठेवलं. "निदान दहा तरी लागतात."

समोरच्या स्टुलावर बसलेल्या ठीकरावांनी मान डोलावली. कमी गुण पडले म्हणजे आपण ठणठणीत, असा प्रसंग त्रेपन्न वर्षांत पहिल्यांदाच येत होता.

"सत्तावीसपैकी दोन. अहो, मी हा फॉर्म भरला तर माझे याहून जास्त येतील." सिस्टर हसली. बाई वाईट नव्हती. दाराबाहेर बाकावर माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि सकाळपासून तिला पाणी प्यायला उसंत मिळाली नव्हती.

"मग त्या मॅडमना भेटायचं कधी?"

"दहाच्या आत असेल तर समुपदेशनाला पाठवता येत नाही हो. अख्ख्या जिल्ह्याला त्या एकट्या. त्याही मंगळवारी आणि गुरुवारीच. तीन महिन्यांनी या, परत फॉर्म भरू."

"ठीक," ते म्हणाले आणि उठले.

या एका शब्दावरूनच त्यांना ते नाव पडलं होतं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत एकोणतीस वर्षं काढलेला हा मेकॅनिक. पगार वाढला तरी ठीक, नाही वाढला तरी ठीक, मुलीचं लग्न झालं तेव्हाही डोळे पुसत ठीकच. कंपनीतल्या लोकांनी बारसं केलं ते केलंच, आणि आता सोसायट्यांचे वॉचमनही त्यांना ठीकराव म्हणूनच हाक मारायचे.

पण गेले सात महिने काहीच ठीक नव्हतं. सकाळी उठून ते पलंगाच्या कडेला बसत. एक मोजा पायात, दुसरा हातात. अर्धा तास, कधी पाऊण तास. दुखत काही नव्हतं, वाईट असं काही घडलं नव्हतं, घरात भांडण नव्हतं. मनातून सगळं उतरलं होतं, एवढंच. नात फोनवर गाणं म्हणायची तेव्हा "वा, छान," असं म्हणायला पाहिजे, हे त्यांना आठवून म्हणावं लागायचं. याची त्यांना फार शरम वाटायची.

शेवटी बायकोनं हट्ट धरला म्हणून ते वस्तीतल्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, ताकदीच्या गोळ्या दिल्या. पुढच्या खेपेला मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी दिली. मोठ्या रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीतल्या माणसानं चिठ्ठी वाचून चारचौघांत मोठ्यानं विचारलं, "मनाचं का? मग इथे नाही, मागच्या इमारतीत." रांगेतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. मागच्या इमारतीत त्या दिवशी बुधवार होता, म्हणजे मॅडम नव्हत्या. असे चार हेलपाटे घातल्यावर आज कुठे हा फॉर्म हातात पडला होता. नऊ प्रश्न, प्रत्येकापुढे चार रकाने.

घरी आल्यावर बायकोनं शिलाई मशीन थांबवलं.

"काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाले."

"म्हणजे बोलले नाहीत का काही झालेलं नाही?"

"काही झालेलं नाही. दोन गुण पडले. दहा लागतात."

बायकोनं हातातलं कापड बाजूला ठेवलं. "काय काय विचारलं होतं?"

त्यांनी आठवेल तसं सांगितलं. कशात मन लागत नाही असं होतं का, थकवा येतो का, आपण कुचकामी आहोत असं वाटतं का. आणखीही काय काय. शेवटचा प्रश्न त्यांनी सांगितला नाही.

"आणि तुम्ही काय लिहिलंत?"

"अजिबात नाही. झोप आणि भूक, तेवढ्याला काही दिवस असं लिहिलं."

"अहो, पण का?"

ते पलंगाच्या कडेला टेकले. मग ते म्हणाले, "अगं, आमचा दर महिन्याचा तपासणीचा तक्ता असतो ना, त्यातही असेच रकाने असतात. पहिला रकाना 'ठीक'. दुसऱ्यात खूण केली की लिफ्ट बंद ठेवावी लागते. मग म्हातारी माणसं जिने चढतात, सेक्रेटरीचे फोन येतात, साहेब विचारतो, एवढ्यातेवढ्याला बंद कशाला केली? किरकोळ काही असलं तर आम्ही ते नीट करून टाकतो आणि पहिल्या रकान्यात खूण करतो. एकोणतीस वर्षं झाली. हात आपोआप तिकडेच जातो."

"तुम्ही काय लिफ्ट आहात?" बायको म्हणाली. ती रागावली होती, पण हसूही आलं होतं तिला. "येत्या गुरुवारी मी येते बरोबर."

गुरुवारी दोघं आठ वाजताच बाकावर जाऊन बसली. साडेदहाला नंबर आला. सिस्टरनं संगणकात पाहिलं आणि मान हलवली.

"मावशी, यांचा फॉर्म भरून झालाय. एकदा आत गेला की तीन महिने उघडत नाही तो."

"तो चुकलाय."

"चुकला म्हणजे?"

"यांनी खोटं लिहिलंय."

ठीकराव खाली फरशीकडे बघू लागले. सिस्टरनं त्यांच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. "डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'पुन्हा तपासा' असं लिहून दिलं तर नवीन भरता येतो. डॉक्टर पुढच्या इमारतीत. पण आता राऊंडला गेले असतील."

डॉक्टर राऊंडला गेले होते. राऊंडवरून आले ते थेट मीटिंगला गेले. बायको मीटिंगच्या दाराशी जी उभी राहिली ती हललीच नाही. शिपायानं दोनदा सांगून पाहिलं. "मी काही बोलतेय का? उभीच तर आहे," असं म्हणून तिनं त्याला गप्प केलं. साडेबाराला डॉक्टर बाहेर आले, भिंतीला कागद टेकवून त्यांनी दोन शब्द खरडले आणि ते निघून गेले. दोघं मागच्या इमारतीकडे जवळजवळ पळतच आली, कारण तिथलं काम एक वाजता बंद होत असे.

"हं, आता नीट भरा," सिस्टर म्हणाली. "आणि मावशी, तुम्ही सांगायचं नाही हं. पेशंटनं स्वतः भरायचा असतो."

बायको ओठ मिटून शेजारी बसली.

ठीकरावांनी पेन उचललं. पहिला प्रश्न वाचला. कशातच रस किंवा आनंद न वाटणे. उत्तर त्यांना पाठ होतं. सात महिने दुसरं काही त्यांच्या मनात नव्हतं. तरी पेनाचं टोक पहिल्या रकान्यावर जाऊन थांबलेलं त्यांना दिसलं. त्यांनी ते उचललं, चौथ्या, 'जवळजवळ रोज'च्या रकान्यावर नेलं, आणि तिथे हात टेकेना. आपण कुणाला तरी जिने चढायला लावतोय असं त्यांना वाटत होतं. बायकोला, मुलीला, या दमलेल्या सिस्टरला.

त्यांनी कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

तक्त्यात ते एकोणतीस वर्षं सांभाळून घेत आले होते. पण लिफ्ट खरोखर बंद पडली की हातानं एक अहवाल लिहावा लागतो, आणि त्यात त्यांनी कधी एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. त्या अहवालावर माणसांचे जीव अवलंबून असतात, असं ते नव्या मेकॅनिकांना बजावत. त्याची कलमं त्यांना तोंडपाठ होती. ते लिहू लागले आणि पेन कुठे अडखळलं नाही.

बिघाड केव्हापासून: सात महिने.

लक्षणे: सकाळी चालू होत नाही. चालू झाल्यास मधेच थांबतो. आवाज करत नाही, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही.

कारण: आढळले नाही.

तात्पुरता उपाय: बायको रोज चालू करते. ती थकली आहे.

वापरास सुरक्षित आहे काय: नाही. मागच्या महिन्यात दोन वेळा वरच्या मजल्यावरचे लिफ्टचे दार उघडून खाली रिकाम्या खड्ड्यात बघत उभा होतो. त्या दाराशी काही काम नव्हते. एकट्याला कामावर पाठवू नये.

खाली त्यांनी सही केली, तारीख घातली.

बायको सगळं वाचत होती. शेवटच्या ओळी तिनं दोनदा वाचल्या. तिनं त्यांचं मनगट घट्ट धरलं आणि मग सोडलंच नाही. तिला फार भीती वाटली होती. इतके दिवस आपण त्यांना मोज्यावरून बोलत होतो, हे आठवून ती आतून कळवळली.

सिस्टरनं कागद घेतला, पुढून पाहिला. सगळे रकाने कोरे. "अहो काका, हे काय? संगणकात मी काय घालू?" असं म्हणत तिनं तो उलटला आणि वाचायला लागली. वाचताना ती एकदा खुर्चीत सरळ झाली. काम बंद करायची वेळ होऊन गेली होती. तिनं फोन उचलला.

"मॅडम, आतला पेशंट झाला की जेवायला निघणार का? नका निघू. एक पेशंट पाठवतेय." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "गुण नाही काढले," ती म्हणाली. "तुम्ही वाचाच."

फोन ठेवून ती टेबलाला वळसा घालून बाहेर आली. "आत एक जण आहे. तो बाहेर आला की तुम्ही. दहा-पंधरा मिनिटं. मावशी, यांच्याजवळच बसा."

"मी कुठे जाते," बायको म्हणाली.

बाक आता रिकामा झाला होता. दोघं बसली. मॅडमच्या दारामागून कुणाचं तरी हळू बोलणं ऐकू येत होतं. ठीकरावांनी खिशातून चाव्यांचा जुडगा काढला. घराची, स्कूटरची, हत्यारांच्या पेटीची, आणि मजल्यामजल्यावरची लिफ्टची दारं बाहेरून उघडणारी ती तिकोनी चावी. ती चावी कंपनी सगळ्यांना देत नाही. त्यांना ती सहाव्या वर्षीच मिळाली होती आणि त्या दिवशी ते घरी चालत नव्हे, तरंगत आले होते.

कडी घट्ट होती. नख घालून त्यांनी ती उघडली, चावी फिरवत फिरवत काढली आणि बायकोच्या तळहातावर ठेवली.

"साहेबांना नेऊन दे उद्या," ते म्हणाले. "सांग, काही दिवस माझ्याकडे नको."

तिनं ती पर्समध्ये सर्वांत आतल्या कप्प्यात ठेवली आणि चेन लावली. मग दार उघडलं, आणि आतून कुणीतरी त्यांना या म्हणालं.