सातव्या पानावरचा मुलूख

मित्रांनो, ज्या हिवाळ्यात पास्टर ओसेन यांच्या घरी तीन मुलग्यांनंतर मुलगी जन्मली, त्याच हिवाळ्यात मला चर्चच्या तळघरात आणण्यात आले. ते वर्ष १९६३. मुलीचे नाव मारित ठेवले. मला कुणी नाव ठेवले नाही. मी एक जुने सायक्लोस्टाइल यंत्र आहे.

माझा जन्म शिकागोच्या एका कारखान्यात झाला. लोखंडी पाय, पोलादी ढोल आणि बाजूला लाकडी मुठीचा दांडा, एवढाच माझा देह. मेणकागदावर टंकलेखन करून अक्षरे कोरायची, तो कागद माझ्या ढोलावर चढवायचा आणि दांडा फिरवायचा. एका फेऱ्याला एक प्रत. चर्चमध्ये येण्यापूर्वी पंधरा वर्षे मी विस्कॉन्सिनमधल्या याच गावच्या डेअरीत राबलो. दुधाचे भाव, सभेच्या सूचना, गाईंच्या लसींच्या तारखा असे हजारो कागद माझ्या अंगावरून गेले. त्यातले एक अक्षरही मला वाचता येत नव्हते.

अक्षरे मला उशिरा आली, आणि ती मारितमुळे आली. चार-पाच वर्षांची असताना ती माझ्या पायांशी फरशीवर बसत असे. चर्चच्या कारकून व्हर्ना ट्वेट बाई बिघडलेल्या प्रती तिच्यापुढे टाकत. ती बोट ठेवून मोठ्याने वाचत असे आणि मी ऐकत असे. मला पुरता वाचता आलेला पहिला शब्द म्हणजे ‘कॉफी’. रविवारच्या पत्रकात तो दर आठवड्याला शेवटच्या ओळीत असायचा, त्यामुळे चुकण्याचा प्रश्नच नव्हता.

ते माझे चांगले दिवस होते. व्हर्नाबाई दर शनिवारी माझा रुळ पुसत, आठवणीने तेल घालत. पास्टर पाहुण्यांना सांगत, "माझं प्रवचन दारापर्यंत पोचतं. हे यंत्र घराघरात पोचतं." लोखंडाला लाज वाटत नाही म्हणतात, मला थोडी वाटायची.

मारित पंधरा वर्षांची झाली तेव्हा तिला एका खेळाचे वेड लागले. शनिवारी दुपारी ती आणि तिचे तीन सोबती तळघरातल्या लांब टेबलाभोवती बसत. एकाने जग रचायचे, बाकीच्यांनी त्या जगात कुणीतरी व्हायचे. कुणी तलवारबहाद्दर, कुणी पुजारी. काय घडले ते तोंडाने सांगायचे आणि निकाल फाशांवर सोडायचा. जग रचण्याचे काम मारितकडे होते. जग म्हटले की देव आले. खेळाच्या नियमपुस्तकातले तयार देव तिला नको होते. ती स्वतःचे लिहू लागली आणि व्हर्नाबाईंच्या परवानगीने माझ्यावर छापू लागली. थोड्या प्रती सोबत्यांना, बाकीच्या टपालाने दूरदूरच्या गावांतल्या खेळाडूंना. तेही आपापले देव तिला पाठवत.

तिचे पहिले देव फार मोठे होते. सात डोक्यांचे, विजांचे, वादळांचे.

सोबत्यांपैकी डेल क्वाम नावाचा मुलगा तिच्याच वर्गात होता. त्याने चौथा कागद वाचून खाली ठेवला. "मारित, तुझे सगळे देव हवामान खात्यात नोकरीला आहेत का गं? एक वारा सोडतो, एक गारा पाडतो. रेडिओवर रोज सकाळी हेच ऐकतो मी."

"मग तू लिही."

"मला नाही येत. म्हणून तर तुला नावं ठेवतोय."

महिनाभर तिने काही लिहिले नाही. त्या काळात ती वडिलांबरोबर शेतांवर जात असे, आजाऱ्यांना भेटायला. परत आली ती लहान देव घेऊन. प्रत्येक देवासाठी तिने तीन ओळींचा नेम केला: काय देतो, काय मागतो, काय करू शकत नाही. एक देव होता उघड्या राहिलेल्या फाटकांचा. तो हरवलेल्या जनावराला घरची वाट देतो. संध्याकाळी एकदा मागे वळून पाहावे एवढे मागतो. फाटक मात्र त्याला लावता येत नाही. तिसरी ओळ लिहायला तिला सर्वांत जास्त वेळ लागे. पेन्सिल चावून चावून तिच्या ओठांना रंग लागलेला असायचा.

मग डेलचा तलवारबहाद्दर नदीत बुडाला, आणि मेलेले कुठे जातात हे तिला लिहावे लागले. ते झाले सातवे पान. मी ते छापले आहे, म्हणून मला पाठ आहे.

‘उरलेला मुलूख. इथली राणी वेल्दा. इथे कुणाला शिक्षा नाही. जो जे काम अर्धे टाकून आला, ते त्याच्या हाती येते. तो दुःखी नसतो, पण त्याला बसता येत नाही. मागे राहिलेल्यांपैकी कुणी ते काम पुरे केले, की त्याच्यासाठी खुर्ची मांडली जाते. वेल्दा कुणालाही परत पाठवू शकत नाही.’

डेलने शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. "हे काय? पुस्तकात तर लिहिलंय, हजार मोहरा द्या आणि मेलेला उठवा."

"माझ्या मुलखातून कुणी परत येत नाही."

"तुझंच जग आहे ना? खोड की एक ओळ."

"ही खोडली तर बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवील?" ती म्हणाली. डेलने तलवारबहाद्दराचा कागद घडी करून खिशात घातला.

मार्च १९७९ मध्ये गावातले शेतकरी नेल्स ब्रेक्के गुरुवारी सकाळी दूध काढताना गेले. शनिवारी मारितने टपालासाठी सातव्या पानाच्या चाळीस प्रती काढल्या आणि शाई वाळावी म्हणून त्या माझ्या शेजारी पालथ्या ठेवल्या. त्या तशाच राहिल्या. सोमवारी अकराला अंत्यविधी होता. व्हर्नाबाई सकाळी घाईघाईने आल्या. पालथा गठ्ठा त्यांना कोरा वाटला. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, पण तोवर त्यांनी ते कुणाला सांगितले नव्हते. कागद वाया घालवणे तर त्यांच्या रक्तात नव्हते. त्यांनी तो गठ्ठा माझ्यात भरला.

मित्रांनो, तोवर मला वाचता येत होते. काय होते आहे ते मला कळत होते. एरवी मी कारण नसताना कागद अडकवायचो, त्यावरून बोलणीही खायचो. त्या दिवशी मी अगदी सरळ चाललो. याचे मला आजही वाईट वाटते, आणि वाटतही नाही. ते पुढे सांगतो.

चाळीस पत्रकांच्या एका बाजूला नेल्स ब्रेक्के यांचे नाव, जन्म, गीतांचे क्रमांक होते आणि दुसऱ्या बाजूला उरलेला मुलूख. अंत्यविधीनंतर मंडळी खाली तळघरात कॉफीला आली. हॅम घातलेले पाव आणि लेफ्स, म्हणजे बटाट्याची पातळ पोळी, खाल्ली गेली. पत्रके खिशांत घडी होऊन होती. कुणी आवाज चढवला नाही. एवढेच ऐकू आले, "मागच्या बाजूचं जरा वेगळंच होतं, नाही?" आमच्या गावात ‘वेगळंच आहे’ म्हटले की समजावे, लोकांना फार लागले आहे.

मंडळी गेल्यावर पास्टर एक पत्रक हातात घेऊन माझ्यापाशी आले. मारित कप धूत होती.

"हे कुणाचं?"

"माझं."

"चूक माझी आहे, पास्टर," व्हर्नाबाई म्हणाल्या. "मी उलटून बघितलं नाही. आणि बघितलं असतं तरी मला दिसलं नसतं."

पास्टर त्यांच्याकडे बघत राहिले. मग मुलीकडे वळले. "तू देव रचतेस याचा मला राग नाही. पण नेल्सचा गोठा आठवतो तुला? तीन बाजू लाल रंगवल्या आणि बर्फ पडलं. चौथी राहिली. थोराच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तीच बाजू दिसते. आणि आपण तिच्या हातात काय दिलं? की तिचा नवरा तिकडे उभा आहे, त्याला बसता येत नाही."

"मी जानेवारीत लिहिलं होतं ते. मला गोठ्याचं माहीत नव्हतं. मी जाऊन सांगते त्यांना."

"काय सांगशील? खेळ म्हणून लिहिलं होतं?"

नळ तसाच चालू होता. पास्टरांनी तो बंद केला आणि सांगितले की बुधवारी ते स्वतः थोराकडे जातील. तिला याने दुखावले असेल तर मारितने सगळी पाने आणायची आणि आपल्या हाताने भट्टीत घालायची. पुन्हा इथे तो खेळ नाही.

बुधवारी शाळा सुटल्यावर मारित फाइल घेऊन आली. एकशे बारा पाने होती, तिची छापील, कच्ची आणि टपालाने आलेली मिळून. वर्षभराचे देव. भट्टी माझ्यापासून आठ पावलांवर आहे. ती फाइल मांडीवर घेऊन माझ्या पायांशी बसली, लहानपणी बसायची तशी.

पास्टरांना जावे लागलेच नाही. थोरा ब्रेक्के स्वतः आल्या. पायांत रबरी बूट, हातात धुतलेले काचेचे भांडे. दुःखाच्या घरी शेजारपाजारचे शिजवून पाठवतात, आणि भांडी परत करावी लागतात.

"हे व्हर्नाचं," त्या म्हणाल्या. "खाली पट्टीवर नाव आहे. कोण आहे ती लिहिणारी?"

मारित उभी राहिली. "मी. मिसेस ब्रेक्के, मला माफ करा. ते खरं नाही. मी खेळासाठी रचलंय."

"ते मला कळतंय, पोरी. मी म्हातारी आहे, खुळी नाही."

पास्टर म्हणाले, "थोरा, तुम्हाला याचा त्रास झाला असेल तर..."

"पास्टर, तुम्ही त्या दिवशी जे सांगितलंत त्यावर माझा विश्वास आहे. पाळण्यात असल्यापासून आहे. पण तिकडे नेल्सला काय काम देणार हे कुणी आजवर सांगितलं नाही. चिरशांती म्हणता तुम्ही. त्रेपन्न वर्षं बघतेय मी त्याला. तो माणूस जेवताना सुद्धा नीट बसायचा नाही." त्यांनी पिशवीतून घडी केलेले पत्रक काढले. "मला एकच विचारायचंय. ही खुर्ची कुणाच्या शेजारी असते?"

मारितने फाइल उघडली, मग मिटली. "ते मी अजून लिहिलं नाही."

"मग लिही. माझं वय बहात्तर आहे. फार दिवस लावू नकोस."

त्या कॉफी न पिता निघाल्या. आमच्या गावात हे कधी घडत नाही. पास्टरांनी भट्टीचे दार लावले. मग त्यांनी फाइल मुलीच्या हातातून घेतली, माझ्या खालच्या फळीवर ठेवली आणि म्हणाले, "यापुढे दोन्ही बाजू छापून झाल्याशिवाय कागद इथे ठेवायचा नाही." बस. तेवढेच.

जूनमध्ये गोठ्याची राहिलेली उत्तर बाजू रंगली. हात पोचेल तिथवर थोराबाईंनी स्वतः रंगवली. वरचे काम खेळातल्या मुलांनी केले. शिडीवर कुणी चढायचे यासाठी डेलने फासे काढले. तोच हरला, आणि "इथेही मलाच मार," म्हणत चढला. त्या संध्याकाळी मारित तशीच तळघरात आली आणि तिने आठवे पान छापले. माझ्या दांड्याच्या मुठीवर लाल रंगाचा अंगठा उमटला. तो अजून आहे.

आठवे पान लहान आहे. ‘ज्याने मागे राहून ते काम पुरे केले, त्याच्यासाठी शेजारची खुर्ची रिकामी ठेवतात. दुसरे कुणी बसू लागले, तर बसलेला माणूस म्हणतो, जागा धरली आहे.’

त्याची पहिली प्रत थोराबाईंना गेली. त्यावर त्या काय म्हणाल्या ते मला माहीत नाही. तळघरात जे बोलले जाते तेवढेच मला कळते.

पुढचे सांगण्यासारखे थोडे आहे. मारित शिकायला दूर गेली. व्हर्नाबाईंच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले, आणि चष्मा लावून त्यांना माझ्यावरचा मळ पहिल्यांदा दिसला. १९८४ च्या वसंतात विजेवर चालणारे प्रती काढायचे यंत्र आले. माझ्यावर ताडपत्री पडली. शाई ढोलात सुकून दगडासारखी झाली. माझ्या पाठीवर लोक कोट ठेवू लागले.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मारित घरी आली. तिने ताडपत्री काढली, रॉकेलने माझा ढोल धुतला. एक दिवस आणि दोन जुने टॉवेल गेले. नव्वद पत्रके हवी होती, दोन्ही बाजूंनी. एका बाजूला थोरा ब्रेक्के यांचे नाव आणि गीतांचे क्रमांक, दुसऱ्या बाजूला आठवे पान. पास्टर कोट काढून दांड्यापाशी आले. "मी फिरवतो," ते म्हणाले. नव्वद फेरे त्यांनी फिरवले. मी एकही कागद अडकवला नाही. त्यानंतर मला कुणी चालवले नाही.

मित्रांनो, मला पुन्हा कामाला लावा असे मी म्हणत नाही. तुमच्या घरी एखादे जुने यंत्र असेल तर निदान त्यातली शाई काढून ठेवा. सुकलेली शाई फार जड असते. कागद कोरा समजण्याआधी उलटून पाहा. आणि कुणाची एखादी बाजू रंगवायची राहिली असेल, तर हात पोचेल तिथवर तरी रंगवा.

नेल्स ब्रेक्के ८ मार्च १९७९ रोजी वारले. थोरा ब्रेक्के १९ नोव्हेंबर १९८४ रोजी, सोमवारी, वारल्या.